परतीची तार

लाखांदूर रोडला, पानठेल्याला लागून माझं दुकान.
बोर्डावरच्या ‘ऑटो इलेक्ट्रिक’मधला ‘क’ उन्हानं खाल्लेला.
सातच्या सुमारास फागोजी वलथरेची पिकअप आली.
त्यानं चावी फिरवून बंद केली,
मग ती सुरूच होईना.
माझ्या दारात बसायचं ठरवूनच निघाली होती बहुतेक.

मागच्या पेटीत नुसता बर्फ.
मासे अजून तलावात होते.
पहाटे जाळं ओढलं की दिवे लावून गोंदिया गाठायचं,
आणि दिव्यांचा उजेड चिमणीइतका.

“दोन बॅटऱ्या बदलल्या,” तो म्हणाला.
“वडशाले डायनामो बांधला. पवनीचा मिस्त्री म्हने कटआऊट गेला.
आता तू सांग का गेला ते.”
काही गेलं असं मी म्हणालो नाही.
आधी त्याला बिडी पेटवू दिली.

माझ्या बॅटरीचा टेकू देऊन गाडी लावली.
डॅशबोर्डवरचा चिमुकला लाल दिवा
चावीला लागावा, इंजिन धरलं की विझावा.
फागोजीचा विझला अर्धा.
अर्ध्या विझलेल्यावर भरवसा ठेवू नये,
हे मी पदरचे पैसे घालून शिकलो.

टेकू काढला. बेल्ट अंगठ्यानं दाबला: बोटभर लवला, ठीक.
मीटर बॅटरीवर: बारा पॉइंट एक.
तेच मीटर डायनामोच्या पाठीवर: चौदा पॉइंट तीन.
म्हणजे हंडीत भात आहे, ताटात नाही.
मधल्या वाटेवर कुणीतरी जेवतंय.

लाल तार टोकापासून टोकापर्यंत बघितली.
निर्दोष.
सगळे मिस्त्री इथवर येतात.
लाल तारेला मान असतो, तिला रबर, तिला टोपी.
काळीला चेसिसवर कुठंतरी बोल्ट मारून देतात.
पोरगी सासरी निघाली की सगळं गाव फाटकात,
आणि परत येते तेव्हा
एसटीवर न्यायला कुणी नसतं.

आमच्या धंद्यात त्या तारेला अर्थ म्हणतात.
सातवीत चाचेरे बाई पट्टी आपटून विचारायच्या, अर्थ सांग.
नाही सांगता आला.
तेव्हापासून बोनेटखाली वाकून तोच शोधतोय.

एक टोक बॅटरीच्या काळ्या खांबावर,
दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
इथं शून्य यायला पाहिजे, किंवा शून्याला चिकटून काही.
आलं दोन पॉइंट एक.

“फागोजी, गाडीचं काम कुठं केलं?”
“काम नाई जी. पेटी बसवली तवा पोट्ट्यानं रंग मारला फक्त.”
“बोल्ट काढून मारला?”
तो बिडीच्या टोकाकडे बघत राहिला.

हिरवा. घट्ट. जीव लावून दोन हात दिलेला,
तार आणि चेसिस यांच्या बरोबर मधे.
कडेला ब्रशचा एक केस चिकटून राहिलेला.
ऐंशी नंबरचा कागद घेऊन घासत बसलो.
हिरवी भुकटी नखात गेली.
मग लोखंड दिसलं,
कतल्याच्या पोटासारखं पांढरं.
बोल्ट आवळला, वरून ग्रीस.

चौदा पॉइंट एक.
लाल दिवा पार विझला
आणि समोरच्या भिंतीवर
मागच्या निवडणुकीतलं पडलेल्या उमेदवाराचं नाव
स्पष्ट वाचता आलं.

फागोजीनं पैसे विचारले नाहीत.
इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला, जवळ आला.
“पोट्ट्याले सांगू नोको,” म्हणाला,
“खूप हौसेनं रंगवली त्यानं.
टर्मिनल खराब होता, असा लिव्ह.”
लिहिलं. टर्मिनल सफाई, साठ रुपये.
अक्षर मुद्दाम खराब काढलं.

रात्री लाइट गेलेली. पंखा बंद, मी जागाच.
तीनच्या जवळपास कवेलूंच्या फटीतून
एक उजेड आत आला,
बायकोच्या पाठीवरून सरकत भिंतीवर चढला
आणि तलावाकडे वळला.